बारा तासांचा हिशेब: दिव्याखालच्या शेवंतीचं एक प्रकरण

बारा कुंड्या होत्या, चार-चारच्या तीन ओळींत. सगळी छाटकलमं एकाच मातृझाडाची, म्हणजे अनुवंशाने पाहिलं तर बारा झाडं मिळून एकच झाड. माती एक, खत एक, पाणी एक, वर दिवेही तेच. तरी छत्तिसाव्या दिवशी आतल्या भिंतीकडच्या ओळीत कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन रंग दाखवू लागल्या होत्या, मधल्या ओळीत कळ्या आल्या होत्या पण अडकून बसल्या होत्या, आणि खिडकीकडच्या ओळीत नुसता पाला माजला होता. कळीचं नाव नाही.

ही खोली माझ्या मामेबहिणीची. ताई वर्षानुवर्षं अंगणात झाडं लावत आलेली, पण बंद खोलीत दिव्याखाली फूल आणायचा हा तिचा पहिलाच प्रयोग. तिने मला बोलावलं ते खताचं तपासायला. "खिडकीकडच्यांना काहीतरी कमी पडतंय बघ," एवढंच फोनवर म्हणाली. कमी काही पडत नव्हतं. जास्त पडत होतं, आणि ते काय हे कळायला मला तीन दिवस लागले. पुढे ते दुरुस्त करताना मी स्वतः एक नवी भानगड करून ठेवली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बेत काय होता

शेवंती लघुदिन वनस्पती आहे. रात्री मोठ्या झाल्या की ती कळ्या धरते, रात्री लहान असल्या की नुसती वाढते. पॉइन्सेटिया, कलांचो ही याच गटातली. गांजाच्या बहुतेक जातीही याच गटातल्या, आणि तंबूत किंवा बंद खोलीत दिव्याखाली फुलवण्याचं जे तंत्र आज सगळीकडे वाचायला मिळतं ते बरंचसं त्या झाडाभोवती वाढलेलं आहे. ताईनेही तिथलाच साचा उचलला होता: आधी सोळा-अठरा तास उजेड देऊन अंग भरू द्यायचं, मग दिवा बारा तासांवर आणायचा आणि 'फुलोऱ्याचं खत' सुरू करायचं.

साचा म्हणून यात चूक काही नाही. कलमं रुजल्यावर तिने शेंडे खुडले, चार आठवडे सोळा तास उजेड दिला, प्रत्येक कुंडीत चार-पाच चांगले फुटवे धरू दिले. मग दिवे सकाळी सात ते संध्याकाळी सात असे लावून ठेवले. जात साधारण आठ आठवड्यांच्या गटातली. म्हणजे रात्री मोठ्या केल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळी डोळ्यांना दिसावी आणि आठव्याच्या आसपास फूल उमलावं. शेवंतीच्या जाती अशा 'प्रतिसादाच्या आठवड्यां'नुसार ओळखल्या जातात. लवकरच्या सहा-सात आठवड्यांत येतात, उशिराच्या चौदा-पंधरा आठवडेही घेतात. आपली जात कोणत्या गटातली हे ठाऊक नसेल तर उशीर झालाय की वेळच व्हायची आहे हे सांगताच येत नाही. ताईला ते ठाऊक होतं, हे तिचं कौतुक.

चुकीचे तीन अंदाज

पहिला अंदाज ताईचा: खत. फुलोरा म्हणजे स्फुरद (फॉस्फरस), ही समजूत इतकी घट्ट बसलेली आहे की कळी दिसेना म्हटल्यावर तिने खिडकीकडच्या चार कुंड्यांना दोन आठवडे जादा स्फुरदाचं खत दुप्पट मात्रेने दिलं होतं. त्याने कळी आली नाहीच. उलट कोवळी पानं शिरांच्या मधून पिवळी पडू लागली आणि मातीवर पांढरट पापुद्रा धरला. स्फुरद अति झालं की झाडाला लोह आणि जस्त घेणं अवघड जातं. मुळात कळी धरायची की नाही हे स्फुरद ठरवत नाही. शेवंतीला पहिल्या आठवड्यांत नत्र (नायट्रोजन) आणि पालाशच (पोटॅश) भरपूर लागतं, आणि कळी दिसून फुगू लागली की खत हळूहळू कमी करायचं असतं. कुंड्यांतून साधं पाणी भरपूर सोडून क्षार धुवून काढले, खत संतुलित केलं, आणि तो विषय तिथेच मिटवला.

दुसरा अंदाज माझा, आणि तो जरा विद्वत्तेचा होता. शेवंतीला रात्री फार गरम झालं, साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर राहिलं, की कळी लांबते. याला उष्णतेमुळे होणारा विलंब म्हणतात. खिडकीच्या काचेतून खोलीचा तो भाग तापत असेल असं मी धरून चाललो. कमाल-किमान तापमापक त्या ओळीत ठेवला आणि दोन दिवस वाट पाहिली. रात्रीचं तापमान वीसच्या आसपास निघालं, शेवंतीला हवं तसंच. दोन दिवस वाया गेले.

तिसरा अंदाज मुळांचा. कुंड्या लहान पडून मुळं गुंडाळली गेली असतील? एक झाड उलटं करून पाहिलं. मुळं पांढरीशुभ्र, निरोगी.

खरं तर उत्तर मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. सकाळी साडेदहाला खोलीत शिरलो तेव्हा दिवे बंद होते. ताईने पडदा थोडा बाजूला सारला आणि म्हणाली, "थांब, तुला नीट दिसू दे." मी विचारलं, "दिवे?" तर म्हणाली, "लागतील बारापर्यंत. तो टायमर जरा मागे पडतो, पण बारा तास मोजून देते मी. तेवढं माझं पक्कं आहे."

मी मान हलवली आणि पानं बघायला लागलो. आपल्याला जे शोधायचं आहे तेच दिसतं. मला पानांत दोष शोधायचा होता.

कपाटामागची कुंडी

उलगडा झाला तो खिडकीच्या ओळीतल्या चौथ्या कुंडीमुळे. त्या बाजूला एक लोखंडी कपाट आहे, आणि ही एक कुंडी त्याच्या आडोशाला येते. तिसऱ्या दिवशी पानं उलटीपालटी करताना दिसलं की या कुंडीत कळ्या आहेत. आतल्या ओळीइतक्याच मोठ्या. ताईने ती वेगळी पाहिली नव्हती. 'खिडकीची ओळ' म्हणून चारही एकत्र धरल्या होत्या.

खत या कुंडीलाही तेच दुप्पट मिळालं होतं. वरचा दिवा तोच होता. तापमान शेजारच्या कुंडीपेक्षा वेगळं असायचं कारण नव्हतं. एकच गोष्ट निराळी होती: तिच्यावर खिडकीचा उजेड पडत नव्हता.

मग टायमर पाहिला. भोवती खुंट्या असलेला, गोल फिरणारा जुन्या पद्धतीचा. एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. त्याची मोटर विजेवर चालते आणि आत बॅटरी नसते. वीज गेली की घड्याळ थांबतं, आली की थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. अर्धा तास वीज गेली तर टायमर अर्धा तास मागे. पाच आठवड्यांत अशी अर्धा-अर्धा, तास-तासाची भर पडून तो पाच तास मागे पडला होता. सात ते सातचे दिवे दुपारी बारा ते मध्यरात्री बारा असे जळत होते.

ताईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं: दिवा बारा तासच जळत होता. पण खिडकीशी सकाळी सहाला उजाडत होतं. पडदा होता, पण पातळ. म्हणजे खिडकीकडच्या झाडाचा दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री बाराला संपत होता. अठरा तास दिवस आणि सहा तास रात्र. झाडाच्या लेखी तो भर उन्हाळा होता, आणि शेवंती उन्हाळ्यात फुलत नाही.

मोबाइलवरचा उजेड मोजणारा लक्समीटर काटेकोर नसतो, पण त्याला चार आणि एकशेचाळीसमधला फरक तरी कळतो. दिवे बंद, पडदा ओढलेला, सकाळी नऊ वाजता पानांच्या उंचीवर मोजलं: खिडकीच्या ओळीत १४० लक्स, मधल्या ओळीत ३० च्या आसपास, आतल्या ओळीत ४, कपाटामागे ९. हरितगृहांत काळं कापड ओढून रात्र करतात तेव्हा २ फूट-कँडलच्या, म्हणजे साधारण २० लक्सच्या खाली उजेड राहावा असा दंडक आहे. हे आकडे त्या दंडकाशेजारी मांडले आणि अख्खी खोली उलगडली. चार आणि नऊ फुलले, एकशेचाळीस अडून राहिले, आणि तीस मध्येच लोंबकळले.

मधली ओळ: जिथे निदान लिहिलेलं होतं

मला सर्वांत रस वाटला तो मधल्या ओळीत. खरं निदान या झाडांवर आधीपासून लिहिलेलं होतं, फक्त वाचता यायला हवं होतं.

या झाडांच्या शेंड्यावर एकच कळी होती, घट्ट, हरभऱ्याएवढी, दोन आठवडे तेवढ्याच आकाराची. तिच्या खालची पानं नेहमीसारखी खाचेरी नव्हती; अरुंद, सरळ, पट्टीसारखी. आणि कळीच्या खालून दोन-तीन जोमदार फुटवे निघून तिच्या डोक्यावरून वर चालले होते. शेवंतीवाले याला क्राउन बड म्हणतात. मी तिला खोटी कळी म्हणतो, कारण ती कळी असते पण सहसा फूल होत नाही.

ही होते कशी? शेवंतीत कळी धरणं आणि कळी वाढणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दोन्हींना लागणारी रात्र सारखी नसते. कळी धरायला तुलनेने लहान रात्रही पुरते. धरलेली कळी पुढे वाढून उमलायला त्याहून मोठी रात्र लागते. नेमके तास जातीनुसार बदलतात, पण क्रम हाच. झाडाला पहिली रात्र मिळाली आणि दुसरी मिळाली नाही की कळी धरते आणि तिथेच थांबते. झाड पुन्हा वाढीला लागतं आणि कळीला मागे टाकून फुटवे पुढे जातात.

मधल्या ओळीत नेमकं हेच झालं होतं. पहिल्या आठवड्यात टायमर जेमतेम तासभर मागे होता, त्यामुळे रात्र पुरेशी मोठी होती आणि कळ्या धरल्या. पुढे टायमर दोन, तीन, चार तास मागे सरकत गेला, सकाळचा अर्धवट उजेड दिवसाला जोडला जाऊ लागला, आणि कळ्या अडकल्या. पट्टीसारखी पानं दिसली की पहिला प्रश्न रात्रीबद्दल विचारावा, खताबद्दल नाही. हे मला आता पाठ झालं आहे. त्या दिवशी नव्हतं.

झाड काय मोजतं

अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० साली दीप्तिकालितेवरचा, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीला झाडं देतात त्या प्रतिसादावरचा, आपला शोध प्रसिद्ध केला. 'मेरिलँड मॅमथ' नावाची तंबाखूची एक जात उन्हाळ्यात वाढतच राहायची, फुलायची नाही. त्यांनी तिला रोज काही तास अंधारात ठेवलं आणि ती फुलली. 'लघुदिन' आणि 'दीर्घदिन' ही नावं तेव्हापासूनची. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कॉकलबर या रानझुडपावर प्रयोग करून दाखवलं की दिवसाच्या मध्ये अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड केला तर फूल अडतं. झाड दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. पण तोवर नाव पडलं होतं. 'दीर्घरात्र वनस्पती' असं नाव पडलं असतं तर ताईने बारा तासांचा उजेड मोजण्याऐवजी बारा तासांचा अंधार मोजला असता, आणि मला खोलीत यायची गरजच पडली नसती.

अंधाराची ही नोंद ठेवतं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल उजेडाने ते एका रूपात जातं, ७३० च्या आसपासच्या अतिलाल उजेडाने परत येतं, आणि अंधारातही हळूहळू परतत राहतं. शेवंतीच्या बाबतीत २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक दुवा दाखवला: पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारं आणि फूल अडवणारं एक प्रथिन. अंधार पडल्यापासून ठरावीक तासांनी झाडात जणू एक दार उघडतं. त्या वेळात लाल उजेड पडला तर हा अडवणारा निरोप तयार होतो. हे दार घड्याळाच्या रात्री बारावर लावलेलं नसतं. ते झाडाच्या स्वतःच्या संध्याकाळपासून मोजलं जातं. ताईच्या झाडांची संध्याकाळ मध्यरात्री होत होती, त्यामुळे त्यांची मध्यरात्र खिडकीतून उजाडल्यावर येत होती.

शेवंतीचे व्यावसायिक उत्पादक हीच गोष्ट मुद्दाम करतात. फूल लांबवायचं असेल तर मध्यरात्री काही तास मंद दिवे लावतात. ताईच्या खिडकीने तेच काम फुकटात चालवलं होतं.

ताईला एक शंका होती आणि ती रास्त होती: "मग बारा तासांत उजेड कमी नाही पडणार? चौदा करू का?" तास वाढवायचे नाहीत, उजेडाचा जोर वाढवायचा. पानांच्या उंचीवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला २५० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) इतका प्रकाश पडत असेल, तर बारा तासांत एका चौरस मीटरला सुमारे १०.८ मोल होतात. कुंडीतल्या शेवंतीला बरं फूल यायला एवढं चालतं. दिवा थोडा खाली आणून ३०० केलं तर त्याच बारा तासांत १३ च्या जवळ जातं. प्रकाशाची बेरीज जोराने वाढवता येते. रात्र मात्र कापता येत नाही.

काय केलं, आणि माझी चूक

बॅटरी असलेला डिजिटल टायमर लावला. दिवे पुन्हा सात ते सात. खिडकीवर काळं-पांढरं प्लास्टिक, पांढरी बाजू आत, कडा चिकटपट्टीने घट्ट. दाराच्या फटीला कापड. दिवे बंद करून मी दहा मिनिटं आत उभा राहिलो. अंधाराला डोळे सरावायला निदान तेवढा वेळ लागतो, त्याआधी 'काळोख आहे' म्हणण्यात अर्थ नाही. दोन बारीक छिद्रं दिसली, तीही बुजवली. यंत्रांवरचे ठिपक्याएवढे हिरवे दिवे मी तसेच ठेवले. काही लोक त्यांनाही पट्ट्या लावतात. शेवंतीसाठी हातभर अंतरावरच्या ठिपक्याची मी काळजी करत नाही, पण लावल्याने नुकसानही नाही.

आतल्या ओळीला हात लावायचा नव्हता. खिडकीच्या ओळीच्या तीन झाडांचे दिवस त्या दिवसापासून नव्याने मोजायचे ठरलं. मधल्या ओळीबद्दल आमचं एकमत होईना. माझं म्हणणं, खोटी कळी खुडून टाक, बगलफुटव्यांवर नवीन येऊ दे. ताईला आलेली कळी तोडवेना. शेवटी दोन झाडांच्या खुडल्या, दोनच्या ठेवल्या.

सोळा दिवसांनी ताईचा फोन आला. "अरे, आतल्या ओळीतली फुलं सडतायत."

आतली ओळ म्हणजे आमची सगळ्यात शहाणी ओळ. फुलं अर्धी-पाऊण उमलली होती. बाहेरच्या पाकळ्यांवर आधी फिकट, पाणी शोषल्यासारखे ठिपके, मग तपकिरी चट्टे, आणि दोन फुलांच्या मधोमध करड्या रंगाची लव. बोटाने हलकेच टिचकी मारली तर धुरासारखी भुकटी उडाली. करडी बुरशी, बोट्रायटिस सिनेरिया. तिला उमललेली पाकळी फार आवडते, कारण पाकळी कोवळी असते, ओल धरते आणि लवकर मरायला लागते.

भिंतीवर ताईने बाष्पदाब-तुटीचा, म्हणजे हवेत अजून किती बाष्प मावू शकतं याचा, रंगीत तक्ता लावला होता. दिवे चालू असताना खोलीत २५ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता. तक्त्यात ती जागा हिरवीगार. "हे बघ, बरोबर मध्ये आहे," ती म्हणाली. बरोबर होतं. पण बुरशी दिवसा येत नव्हती.

हा हिशेब मी तिच्याच तक्त्याच्या मागे पेन्सिलीने मांडून दाखवला. २५ अंशांना हवेत जास्तीत जास्त सुमारे ३.१७ किलोपास्कल इतका बाष्पदाब मावतो. त्याचे ६५ टक्के म्हणजे २.०६. दिवसा तूट १.११, छान. आता सात वाजता दिवे बंद होतात, खोली थंड होत १९ अंशांवर येते. बाष्प तेवढंच, २.०६. पण १९ अंशांना जास्तीत जास्त २.२० मावतं. आर्द्रता झाली ९४ टक्के, एक थेंबही पाणी न वाढवता. आणि पाणी तर वाढतच होतं, कारण ताई संध्याकाळी साडेसहाला कुंड्यांना पाणी घालत होती. त्या हवेचा दवबिंदू १८ अंशांच्या आसपास. दाटीच्या फुलोऱ्यात, जिथे वारा पोचत नाही, तिथे पाकळी हवेपेक्षा अंशभर थंड झाली की तिच्यावर दव धरतं. करड्या बुरशीच्या बीजाणूंना रुजायला असे काही तास पुरतात.

आधी हे का होत नव्हतं? खिडकीची एक झडप नेहमी किलकिली असायची. रात्री त्यातून हवा खेळायची. मी ती प्लास्टिकने मढवून, कडा चिकटवून, हवाबंद करून गेलो होतो. उजेड कोंडला तेव्हा ओलही कोंडली गेली. अंधार तपासायला दहा मिनिटं उभा राहिलो, पण ओल तपासायला रात्रभर आर्द्रतामापक ठेवायचं सुचलं नाही. ही चूक माझी, आणि तिची भरपाई आतल्या ओळीने केली.

बाधित फुलं काढताना घाई करू नये. कात्री लावण्याआधी फुलावर पिशवी चढवायची, मग आतल्या आत कापायचं, नाहीतर भुकटी खोलीभर उडते. पंखा तेवढा वेळ बंद. आतल्या ओळीतली जवळजवळ एक तृतीयांश फुलं गेली. ताईने बुरशीनाशकाचं विचारलं. मी नको म्हटलं. उमललेल्या पाकळीवर फवारणीचे डाग पडतात, राहत्या घराच्या बंद खोलीत फवारायचं नाही, आणि करडी बुरशी औषधांना लवकर दाद देईनाशी होते. ओल राहिली तर औषध काय करणार?

मग खोली सुधारली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला आणि त्याच्या तोंडाला दोन वळणांची, आतून काळी रंगवलेली पेटी लावली. हवा वळते, उजेड वळत नाही. दाराखाली तशीच एक वळणाची वाट ठेवली, हवा आत यायला. पंखा दिवे जायच्या तासभर आधी सुरू होतो आणि रात्रभर चालतो. कुंड्यांमधलं अंतर वाढवलं, आतली जुनी पानं काढली. पाणी सकाळी, दिवे लागल्यावर. छोटा फिरता पंखा झाडांच्या वरून हवा हलवेल असा ठेवला, थेट फुलांवर नाही.

आणि एक छोटा हीटर. यावर ताई हसली: "गरम करून ओल कशी जाईल?" ओल जात नाही, पण आर्द्रता उतरते. १९ ऐवजी २१ अंश ठेवलं तर हवेत २.४९ किलोपास्कल मावतात, आणि तेच २.०६ मग ८३ टक्केच भरतात. दोन अंशांत अकरा टक्के. शेवंतीला २१ अंशांची रात्र मुळीच जाचत नाही. ओलसर हवा बाहेर काढायचं काम मात्र पंख्याचंच, आणि तेही आत येणारी हवा त्याहून कोरडी असेल तरच. पावसाळी रात्री नुसता पंखा लावून उपयोग नसतो, तेव्हा हीटरवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

पहिल्या तीन रात्री आर्द्रतामापकाचा कमाल आकडा मी फोनवर मागवून घेत होतो. ८८, ८४, ८३. चौथ्या दिवसापासून मी विचारणं सोडलं.

पुढे काय झालं

आतल्या ओळीच्या उरलेल्या फुलांवर नवे ठिपके आले नाहीत. कपाटामागची कुंडी सगळ्यांत देखणी फुलली; ती जरा उशिरा उमलली म्हणून बुरशीच्या तडाख्यातून सुटली, यात माझं काही श्रेय नाही.

मधल्या ओळीत ज्या दोन झाडांच्या खोट्या कळ्या ठेवल्या होत्या त्यांची ती कळी उमलली खरी, पण लहान, एका बाजूला कललेली, आणि भोवतीचे फुटवे तिच्या वर डोकं काढून आपापली फुलं घेऊन आलेले. खुडलेली दोन झाडं त्यांच्यापेक्षा पंधरा दिवस मागे राहिली, पण घुमटासारखी एकसारखी फुलली. ताई म्हणते कललेली तिला जास्त आवडली. मी वाद घातला नाही.

खिडकीच्या ओळीच्या तीन झाडांना खिडकी बंद केल्यापासून तेविसाव्या दिवशी कळी दिसली. इतके दिवस नुसती वाढल्याने ती उंच आणि लेचीपेची झाली होती, त्यांना काठ्या बांधाव्या लागल्या. कळ्यांनी रंग धरला तेव्हा एकदा संध्याकाळी त्या बाजूला जाणं झालं, म्हणून आठच्या सुमारास मी ताईकडे डोकावलो. चहा झाला. मी उठून खोलीच्या दाराकडे निघालो तर तिने हात आडवा धरला.

"आत्ता नाही. त्यांची रात्र झालीय. बघायचं असेल तर सकाळी सातनंतर ये."